मिलिंददादा आणि फुलबाज्या

मॅच सुरू झाली की मिलिंददादा सुरुवातीला काहीच करायचा नाही. समोरच्याचा खेळाडू पडद्यावर उड्या मारत, लाथा झाडत अंगावर येत असायचा आणि हा आपला एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. लग्नाच्या हॉलबाहेर पंगत उठायची वाट बघत उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. समोरच्याची एखादी लाथ हुकली की हा शांतपणे खाली बसून त्याच्या पायात मारायचा. पुन्हा मागे, पुन्हा वाट. बघणाऱ्याला जांभई यायची आणि खेळणाऱ्याला रडू.

भांडुपला फरसाणाच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं गेमिंग पार्लर होतं. तिथे आम्ही सगळे एकच खेळ खेळायचो. दोघं समोरासमोर, प्रत्येकाच्या डोक्यावर जीव दाखवणारी पट्टी, ज्याची आधी संपेल तो हरला. हरला तो उठला आणि जिंकला तो बसून राहिला, हा तिथला रिवाज. दादा रविवारी दुपारी एकदा बसला की आईचा फोन येईपर्यंत उठायचा नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा व्हिडिओ बघून बघून लांबलचक कॉम्बो पाठ केलेले होते. एक फटका लागला की त्याला पुढचे सात-आठ जोडायचे, समोरचा हवेतच लटकतो, बघणारे ओरडतात. दादा मला तो पहिला फटकाच मारू देईना. सलग हरले. शेवटी त्याने खिशातून वायरमन वापरतात तसली काळी चिकटपट्टी काढली आणि माझ्या कंट्रोलरवरची मारायची सगळी बटणं झाकून टाकली.

"आता खेळ."

"मग मारू कशाने?"

"मारायचं नाहीये. फक्त जिवंत राहायचं. आधी उभं राहायला शीक गं बाई, मग नाच."

पुढचे कित्येक रविवार मी नुसती अडवत होते. विक्रोळीच्या माझ्या ऑफिसात कोणी विचारलं, सुट्टीत काय केलंस, तर सांगायची लाज वाटायची. पण हळूहळू मला समोरच्याची पावलं दिसायला लागली. कोण कधी घाबरतो, कोणाची उडी कधी येणार, हे बटण दाबायच्या आधी कळायला लागलं. हे त्याने दिलं, त्यात वादच नाही. माझा वाद पुढचा होता.

दादाला नवीन काही शिकायचंच नव्हतं. खेळ दर काही महिन्यांनी बदलायचा, नवे डाव यायचे. त्यातल्या एका डावाला सगळे 'कॅन्सल' म्हणत. मारलेला फटका पूर्ण व्हायच्या आत मधेच तोडायचा आणि त्यातूनच दुसरा काढायचा. समोरच्याला वाटतं, तुमचं मारून झालं. तो पुढे येतो आणि मार खातो. क्षणभर जरी वेळ चुकली, तर मात्र तुम्हीच उघडे पडता. मी महिनाभर घासून तो बसवला. दादाला दाखवला तर तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "फुलबाज्या आहेत. चार घटका बऱ्या वाटतात."

"अरे पण सगळे हाच खेळतायत!"

"सगळे हरतायत पण ना?"

असं बोलला की माझं डोकं फिरायचं. हुशार माणसाचा हट्ट मूर्खाच्या हट्टापेक्षा वाईट. मूर्खाला निदान समजावता येईल अशी आशा असते.

दादा मरोळला औषधांची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होता. त्या कंपनीने सगळा कारभार वापीला हलवायचं ठरवलं. सोबत या, नाहीतर राजीनामा द्या. घरात तो आणि त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, दोघंच. काकी लग्न होऊन जालन्याकडून भांडुपला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांची बहीण त्याच चाळीत, बायकांचं मंडळ, विहारातली रविवारची वंदना, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यांना उचलून वापीला न्यायचं म्हणजे झाड उपटून बादलीत लावायचं.

नेमकी त्याच सुमारास मुलुंडच्या एका मॉलमध्ये आमच्याच खेळाची स्पर्धा जाहीर झाली. जिंकणाऱ्याला गेमिंगचा एक व्यावसायिक संघ पगारावर ठेवणार होता. दादा जिंकला तर राजीनामा देऊन इथेच राहू शकत होता. आणि त्याला अडवू शकेल असा एकच खेळाडू होता, बोरिवलीचा सनी म्हणून कॉलेजातला मुलगा. त्याची सगळी भिस्त कॅन्सलवर.

मी दादाच्या घरी जाऊन बसले. "तो डाव तू मारू नकोस, पण निदान आतून कसा चालतो ते कळू दे. स्वतः करून बघितल्याशिवाय तो अडवता येत नाही."

"पाया पक्का असला की झालं."

"नुसत्या पायावर कोण राहतं रे? वर घर नको?"

काकी भाकऱ्या थापत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "शिकून घे की रे मिलिंद. पोरगी घसा फोडून सांगतीया. या वयात मला कुठं घेऊन फिरतो?"

तो त्याच दिवशी शिकायला बसला.

आणि इथून माझ्या दुसऱ्या वैतागाला सुरुवात झाली. स्पर्धेला जेमतेम आठवडा होता आणि दादा त्या डावाच्या प्रेमात पडला. आयुष्यभर वरण-भात खाल्लेल्या माणसाला कोणी पहिल्यांदा शेवपुरी दिली, असं झालं. ऑफिसातून थेट पार्लरला, जेवण तिथेच, आणि सारखं, "ए, बघ बघ, हे बघ." मी म्हणायचे, दादा, थोडं तुझंही खेळ. तो म्हणायचा, "ते येतंच गं मला."

स्पर्धेत पहिल्या मॅचेस त्याने त्याच्या जुन्या पद्धतीने काढल्या. लोक मोबाईल बघत बसले होते. उपांत्य फेरीत त्याने एकदा कॅन्सल मारला आणि तो असा झकास बसला की अख्खा मॉल ओरडला. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याला येऊन वाकले. दादाने मान वळवून मागे बघितलं. मॅच चालू असताना त्याने मान वळवलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अंतिम फेरीत समोर सनी. दादाने त्याचे कॅन्सल अडवले, एकामागून एक अडवले. सनीला काही सुचेना. मॅचच्या शेवटी सनीच्या पट्टीत चिमूटभर जीव उरला होता, तो कोपऱ्यात सापडला होता, आणि घाबरून मारलेली त्याची लाथ हुकली. खाली बसून पायात एक मारायची, संपलं. ती लाथ दादा झोपेतही मारायचा.

त्याने कॅन्सल काढला. वेळ चुकली. उघडा पडला. सनीने त्याला हवेत उचललं ते जमिनीवर येऊच दिलं नाही. मॉल पुन्हा ओरडला, या वेळी सनीसाठी.

बाहेर रिक्षाच्या रांगेत मी भडकले. "एक लाथ, दादा! एक! काकींना काय सांगणारेस?"

"माहितीये गं."

"मग का केलंस?"

तो रांगेत एक पाऊल पुढे सरकला. "इतकी वर्षं खेळतोय. माझ्यासाठी कधी कोणी ओरडलं नव्हतं. वाटलं, अजून एकदा."

मला त्याला हलवून हलवून विचारायचं होतं, की अरे, मी तुला डाव शीक म्हटलं होतं, जुनं सगळं विसर म्हटलं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून मी फक्त रिक्षात बसले.

वापीला जायच्या आदल्या रविवारी तो पार्लरला आला. आम्ही एक मॅच खेळलो. मी चिडलेलीच होते, त्यामुळे जीव खाऊन खेळले. तो पुढे-मागे करत होता, अडवत होता, पायात मारत होता, नेहमीचंच. मी त्याच्या त्या चालीत रमले, आता हा हेच करणार असं धरून एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्याने कॅन्सल मारला. एकदाच, पण बरोबर त्या जागी. मला कळायच्या आत मॅच संपली होती. पाया आणि वरचं घर, दोन्ही एका मॅचमध्ये. त्याच्याविरुद्ध मी शेकडो मॅचेस हरले असेन, पण असा खेळ त्याच्याकडून कधी बघितला नव्हता. हा खेळ मुलुंडला खेळला असता तर सनी काय, कोणीच टिकला नसता.

"आता आलं," तो म्हणाला. चेहऱ्यावर एवढा आनंद, की मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

"आता काय उपयोग, दादा? सामान बांधून झालंय तुझं!"

"उपयोग काही नाही गं," तो म्हणाला. "पण आलं."

मग रिवाजाप्रमाणे मी उठायला हवं होतं. पण तोच उठला, कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि आईला टेम्पोवाल्याशी बोलायचंय म्हणून जिना उतरून गेला.