डावं इंजिन

कोर्टातून घरी आलो तेव्हा कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्यातच पडलेलं होतं. आत कुणाचं नाव असेल याचा अंदाज बांधतच माणूस असं कार्ड उचलतो. माझ्या अंदाजात दिगूभाऊ नव्हता. चाळिशीही न गाठलेला माझा मामेभाऊ जळगावात छातीत कळ येऊन गेला होता, आणि त्याला तीन दिवस उलटले होते. धुळ्याहून जळगाव ते काय लांब? पण गेल्या सहा-सात वर्षांत मी त्याच्या घरी दोनदा गेलो असेन. कामं फार आहेत, असं सांगत असे. खरं तर मला त्याच्यासमोर बसायची लाज वाटायची, आणि ती का, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

दोंडाईच्याजवळच्या मामांच्या गावातला दिगूभाऊ हा पहिला वैमानिक. पहिला म्हणजे शेवटचाही. मुंबईच्या एका लहानशा कंपनीत तो सहवैमानिक होता. गावाला मात्र तो 'इमानवाला'. सुटीवर आला की बायका विचारत, वरून आमचं खळं दिसतं का रे? तो प्रत्येकीला दिसतं म्हणून सांगे, वर खळ्यात काय वाळत घातलं होतं तेही सांगे. मी तेव्हा नुकती वकिली सुरू केली होती. शिकलेले दोघंही, पण माझ्याभोवती कोण जमणार! जळायचो मी, दुसरं काय.

एकदा त्याने मला मुंबईहून इंदूरला आपल्या विमानातून नेलं. तापी दिसू लागल्यावर कौतुकाने पुढे बोलावलं, आपल्या मागे उभं केलं. एवढ्यात ढग लागले आणि विमान दणके खाऊ लागलं. त्यांचे ते रोजचेच दणके... मला कुठे माहीत? मी मागून त्याचा सदरा मुठीत धरला आणि खाली उतरव, खाली उतरव म्हणून ओरडलो. रडलोही. मुख्य वैमानिकाने त्रासून मागे पाहिलं. दिगूभाऊने माझी मूठ सोडवली, स्वतःच्या रुमालाने माझं तोंड पुसलं आणि मला जागेवर नेऊन बसवलं. इंदूरला त्याने चहा पाजला आणि त्या प्रकाराचा शब्दही काढला नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्यापुढे पेच पडला. विमान कंपन्या सरकार ताब्यात घेणार अशी बोलणी चालू होती. आहे तिथेच थांबलं तर सगळ्या कंपन्यांच्या वैमानिकांच्या एकत्र यादीत नाव तळाला लागणार, आणि मुख्य वैमानिक व्हायला किती वर्षं जातील याचा नेम नाही. दुसरी वाट फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवण्याची. तिच्यात त्याचं मन नव्हतं. तिसरी आसामची. तिथली एक मालवाहतुकीची कंपनी लगेच विमान त्याच्या हाती द्यायला तयार होती, पण मुलूख डोंगराळ, धुकं दाट, आणि बायको-मुलीला दोन वर्षं गावी ठेवावं लागणार. त्याला आसामच हवं होतं. मात्र वडिलांच्या होकाराशिवाय तो जाणार नव्हता. त्याचे वडील म्हणजे माझे मामा. सारा गाव त्यांना आबा म्हणे. मी विमानात बसलेला, माझं ऐकतील, म्हणून त्याने मला बैठकीला मुद्दाम बोलावून घेतलं.

ओसरीवर भाऊबंद जमले होते. आबा माझ्याकडे वळले. "तू तं बठेल शे इमानमा. सांग बरं, धोका शे का?"

मी दिगूभाऊकडे पाहिलं. तो हसत होता. मला धीर द्यायलाच हसत असणार; पण मला वाटलं, आता हा माझी फजिती साऱ्यांना सांगणार. त्याआधी माझ्या रडण्याला काहीतरी कारण हवं होतं. मी सांगितलं की आमचं डावं इंजिन हवेतच बंद पडलं होतं आणि आम्ही केवळ नशिबाने वाचलो. वकील पैसे घेऊन खोटं बोलतो, असं लोक गमतीने म्हणतात. मी त्या दिवशी फुकट बोललो.

आबांनी मुलाला विचारलं, "हाई खरं शे का?"

मामाच्या घरी भाच्याचा मान मोठा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो; त्याला चार माणसांत खोटं पाडणं कुणाच्या मनातही येत नाही. दिगूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "खरं शे, आबा." विषय तिथेच संपला.

मला निरोप द्यायला तो फाट्यापर्यंत आला. गाडी येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत होता. मी चढताना एवढंच म्हणाला, "मी सांगणार नव्हतो रे."

आसामची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आबांच्या डोक्यातून ते बंद पडलेलं इंजिन काही जाईना. त्यांनी परत ये, परत ये असा धोशा लावला. वर्षभरात दिगूभाऊ नोकरी सोडून आला आणि जळगावच्या एका तेलगिरणीत यंत्रांवर देखरेख करू लागला. पुन्हा त्याने विमान चालवलं नाही.

तेराव्याला मी गेलो. त्याच्या खोलीत खिडकीशी त्याची खुर्ची होती. सकाळी तिच्यात बसून तो आभाळ न्याहाळायचा आणि आज हवा कशी आहे ते मुलीला सांगायचा. ती मुलगी, शकू, आता अकरा वर्षांची आहे; वडिलांना ती दादा म्हणे. तिने मला त्याच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "वकीलकाका, दादा तुमची गोष्ट नेहमी सांगायचे. इंजिन बंद पडलं, सगळे ओरडत होते, आणि तुम्ही एकटेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शांत उभे होतात. हो ना?"

मी हो म्हणालो.

मी हे ज्या वर्तमानपत्रात लिहितो आहे, ते त्यांच्या घरी येतं. शकू, त्या दिवशी दोन्ही इंजिनं चालू होती.