काकांच्या गाडीला भर दिवसा लाइट

आता कुठून सुरू करू, तुम्हीच सांगा. आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरलं, की पत्रिका छापायला जायच्या आधी हा किस्सा निघतो. आई अर्धवट सांगते, बाबा चुकीचा सांगतात, आणि काका असा सांगतात की त्यात ते हुतात्मा आणि मी खलनायिका. मी थकले हो! म्हणून म्हटलं, चहा आहे, तुम्ही आहात, एकदा मीच सांगून टाकते. मूर्खपणा माझा होता, तर सांगायचा हक्कही माझाच.

तेव्हा राज्य नवं नवं होतं. आंध्र वेगळं, तेलंगणा वेगळं. नव्या गाड्यांच्या पाट्यांवर एपी जाऊन टीएस आलं होतं. ऑफिसांचे बोर्ड तर इतके बदलत होते की पोस्टमनसुद्धा वैतागला होता. आणि सेक्रेटरिएटमधून रिटायर झालेले आमचे काका रोज पेपर उघडून एकच प्रश्न विचारायचे, "हा नियम यांचा की त्यांचा?"

अशात मी नवी स्कूटर घेतली. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते. नल्लकुंट्याहून कॉलेजला जायला बस मिळायची नाही, म्हणून. त्या नव्या स्कूटरची लाइट दिवसाही चालूच. बंद करायचं बटणच नाही! कंपनीने दिलंच नव्हतं, कारण तसा नियम आला होता.

हे मला माहीत होतं, कंपनीला माहीत होतं. हैदराबादला माहीत नव्हतं.

घराबाहेर पडले की सगळं शहर माझं पालक! समोरून येणारा प्रत्येक माणूस पंजा उघडझाप करून दाखवणार. रिक्षावाला ओरडणार, "अम्मा, लाइट जल रई!" सिग्नलला एखाद्या काकू स्कार्फ बाजूला करून तेलुगूत तेच सांगणार. एकदा एका आजोबांनी बरकतपुऱ्यापासून काचीगुड्यापर्यंत माझा पाठलाग केला, मोपेडवरून, जीव खाऊन. मला वाटलं पर्स पडली की काय. थांबले. आजोबा धापा टाकत म्हणाले, "बेटी, बत्ती." आणि निघून गेले!

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. मग नुसती मान हलवायचे. मग मान हलवायचंही त्राण उरलं नाही.

अशाच एका संध्याकाळी घरी आले, तर दारातच काका.

"पोरी, लाइट जळायलीय."

"जळू द्या."

"बॅटरी उतरंल ना. मेकॅनिकला दाखव."

"बिघडलेली नाहीये, काका. नियम आहे. दिवसापण लाइट चालू ठेवायची."

"कुणाचा नियम? यांचा की त्यांचा?"

"केंद्राचा!"

काका एकदम सरळ उभे राहिले. केंद्र म्हटलं की ते खुर्चीतूनही उठतात.

"म्हणजे सगळ्या गाड्यांना लागू?"

इथे, बघा, इथे मी एक श्वास घ्यायला हवा होता. पण दिवसभर अख्ख्या शहराने पंजे दाखवले होते. म्हटलं, "हो! सगळ्या! तुमच्या पण!"

काका मान डोलावत आत गेले. मला वाटलं, सुटले.

महिन्याभरात दादाचं लग्न. कार्यालय जामबागेत. मुहूर्त बाराच्या आतला, आणि तो टळला तर गुरुजींनी आधीच बजावलेलं की पुढचा थेट गोरज. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, पहाटेच निघू. मी भडकले.

"नल्लकुंटा ते जामबाग! काशीला निघालोय का आपण? नवऱ्यामुलाला तिथे नेऊन काय वाळत घालायचंय? आरामात निघू. दादाला वेळेत मांडवात उभा करायची जबाबदारी माझी!"

आई म्हणाली, "लिहून देतेस?"

म्हटलं, "वकील होणारेय, शब्द पुरे."

निघालो. तीन गाड्या. पुढे काकांची, मागे भाड्याच्या दोन, तिन्ही पांढऱ्या. काकांची गाडी सरकारी लिलावातली, बॉनेटवर झेंड्याची दांडी अजून तशीच. फुलं लावू दिली नाहीत, रंग खराब होतो म्हणे. काका स्वतः चालवत होते. शेजारी दादा, फेटा आणि मुंडावळ्या बांधून. मागे मी. आईबाबा आणि पाहुणे मागच्या गाड्यांत.

बसल्या बसल्या काकांनी हेडलाइट लावल्या. खिडकीतून मान काढून मागच्या ड्रायव्हरांनाही हुकूम सोडला, "लाइट लावा रे! केंद्राचा नियम आहे!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर ना?"

माझं लक्ष फोनमध्ये. म्हटलं, "हो हो, चला."

काचीगुड्याच्या चौरस्त्यावर आलो आणि बघतो तर काय, रस्ताभर पोलीस. दोऱ्या बांधलेल्या, दोन्हीकडे गर्दी अडवून धरलेली. कुणी तरी मोठे साहेब येणार होते. मी म्हणणार होते की काका, गल्लीतून काढा, तेवढ्यात कॉन्स्टेबलने आम्हाला पाहिलं. एकामागे एक तीन पांढऱ्या गाड्या. पुढच्या गाडीवर झेंड्याची दांडी. भर उन्हात हेडलाइट!

त्याने शिट्टी मारली आणि खाडकन सलाम ठोकला. दोरी खाली गेली.

"चलो चलो चलो! सीधे!"

"अहो, आम्हाला कोठीकडे वळायचंय..." काका म्हणत होते, पण काच वर होती. प्रत्येक वळणावर एक पोलीस, प्रत्येक पोलिसाचा सलाम, आणि प्रत्येक जण हात करून पुढेच काढतोय. जामबाग मागे राहिलं. आम्ही अंबरपेटच्या दिशेने सुसाट!

"काका, थांबवा!"

"कसं थांबवू? पोलीस चल म्हणायलेत! पोलिसांचं ऐकायचं नाही का? हा पण नियम नाही का?"

थांबलो ते एका मांडवापाशी. कुठल्या तरी नव्या ऑफिसचं उद्घाटन. ढोल सुरू झाले, गाडीचं दार उघडलं गेलं, आणि बायकांनी आरतीचं ताट घेऊन दादाला ओवाळलं. मी ओरडतेय, "अहो, हे ते नाहीत!" त्या ढोलांत माझं मलाच ऐकू येईना.

दादाने तरी काही बोलावं की नाही? पण सकाळपासून त्या बिचाऱ्याचं ट्रेनिंगच तसं झालं होतं. बस म्हटलं की बसायचा, हात पुढे कर म्हटलं की करायचा, मान वाकव म्हटलं की वाकवायचा. इथेही कुणी मान वाकवायला सांगितली, त्याने वाकवली, हार पडला. कुणी तबकातून कात्री दिली. समोर रिबीन होती.

त्याने कापली!

टाळ्या. ढोल. नारळ फुटला. मी काकांचा हात खेचला, "काका, सांगा ना यांना!" तर काकांच्याही गळ्यात हार! चाळीस वर्षं नोकरी केली, पण निरोपसमारंभ ऐन राज्याच्या वाटणीच्या गडबडीत राहून गेला होता. ते हार सरळ करत हळूच म्हणाले, "दोन मिनिटं थांब ना, पोरी."

मग खरे साहेब आले.

ढोलवाल्यांनी काठ्या हवेतच धरल्या होत्या. एक इन्स्पेक्टर आमच्याकडे आला. मुंडावळ्या बघून त्याला सगळा उलगडा झाला असावा, कारण त्याने कपाळाला हात लावला.

"ये दिन में लाइट कौन जलाया?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मागच्या गाड्यांतून उतरलेल्या सगळ्या पाहुण्यांनीही केलं.

मी म्हटलं, घाबरायचं नाही, कायदा आपल्या बाजूला आहे. "साब, रूल है! सेंट्रल का!" मोबाइल काढला, बातमी उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. महिनाभर मी नुसता मथळा पाहिला होता. खालची ओळ आज पहिल्यांदा वाचत होते.

"दिवसाही लाइट चालू राहणार... नव्याने तयार होणाऱ्या... दुचाकी..."

माझा आवाज दुचाकीपाशी संपला.

इन्स्पेक्टरने वाट पाहिली. "क्या लिखा है, अम्मा?"

मराठी बातमी होती. त्याला काहीही सांगता आलं असतं. पण काकांना मराठी येतं ना!

"दुचाकी!" काका हार काढत म्हणाले. "ही काय दुचाकी आहे का?"

जामबागेत पोचलो तेव्हा गुरुजी पंचांग मिटून सरबत पीत होते. मुहूर्त गेला होता. आता गोरज. पाहुण्यांनी अक्षता टाकायच्या आधीच जेवून घेतलं, जिलबी संपवली, पान खाल्लं. नवरी मात्र गौरीहरापाशी उपाशी बसलेली. मी माफी मागायला गेले, तर तिने एकच विचारलं, "जिलबी उरलीय?" नव्हती उरली. वहिनीशी माझं नातं तिथून सुरू झालं.

संध्याकाळी लग्न लागलं. पाठवणी होईपर्यंत चांगलाच अंधार पडला. काका गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, पण गाडी काही हलेना. रस्त्यावरचा एकेक माणूस थांबून पंजा उघडझाप करून दाखवतोय, कारण काकांच्या लाइट बंद!

"काका, लाइट लावा ना," दादा म्हणाला.

"मी नाही बाबा," काकांनी हात वर केले. "तिला विचार. नियम काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे वळले. वहिनीसुद्धा.

आणि मी, एलएलबी द्वितीय वर्ष, मोबाइल काढला आणि म्हटलं, "थांबा, खालपर्यंत वाचून सांगते."