सैल न पडणारी धमनी

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रबंध बारीक धमन्यांवर होता. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना पोटॅशियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की पोटॅशियम बाहेर जातं, पेशीच्या आतला विद्युतभार जास्त ऋण होतो, त्यामुळे कॅल्शियमची दारं मिटतात आणि स्नायू सैल पडतो. धमनी रुंदावते. ही दारं उघडणारं एक औषध मला बकऱ्याच्या धमनीवर तपासायचं होतं: आधी धमनी दुसऱ्या कशानं तरी आकसवायची, मग या औषधानं ती सैल पडते का ते पाहायचं.

आमच्या घरी मांसाहार चालत नाही. तरी आप्पाच, माझे वडील, मला सकाळी स्कूटरवरून खाटकाकडे नेत आणि दुकानाकडे पाठ करून उभे राहत. यंत्रमागावर काम करणारा माणूस, सातवी शिकलेला. "बघायला येतील त्यास्नी सांगू नकोस म्हंजे झालं," एवढंच म्हणायचे.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. शनिवारपर्यंत एकही धमनी सैल पडली नव्हती. औषध कमी पडतंय म्हणून मी ते वाढवत गेले. पडद्यावरची, धमनीचा ताण दाखवणारी रेघ वरच राहिली. हा निकाल आला नसता तर प्रबंध सहा महिने पुढं ढकलला असता, आणि ठरलेली नोकरीही गेली असती.

शेवटी मी माझ्या मार्गदर्शक सरांना बोलावलं.

"आधी आकसवलीस कशानं?"

"पोटॅशियमच्या दाट द्रावणानं, सर. सीनियर म्हणाले, रेघ उंच येते, परीक्षक खूश होतात."

सर हसले. "सात रस्त्याच्या थांब्यावर एसटीत बसलीयस कधी? दार उघडतं, पण खालीच एवढी गर्दी की आतला उतरणार कुठं? बाहेर पोटॅशियम कोंबलंस, आता दारं उघडून काय उपयोग?"

मी तीच धमनी साध्या द्रावणानं पुन्हा पुन्हा धुतली. मग ॲड्रिनॅलिनसारख्या औषधानं आकसवली. रेघ पहिल्यापेक्षा बुटकी आली. त्यावर आमचं औषध सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रेघ उतरू लागली, सावकाश, पार तळापर्यंत.

"अजून दोन धमन्यांवर करून दाखव," सर म्हणाले, "मग सही करतो."

मी आप्पांना फोन लावला. "उद्या परत जायचंय खाटकाकडं."

"उद्या रविवार हाय. लई गर्दी आसंल," ते म्हणाले. "लवकर निघू."