नवी डिस्क आणि अक्कांची गाणी

नव्वदच्या दशकात मी जळगावला एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायचे. धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक आपल्या थोरल्या बहिणीच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं म्हणून तिला घेऊन तिथे यायचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो, बहिणीला अक्का. अक्कांना खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी तोंडपाठ. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं. त्या माझ्याशेजारी स्टुलावर बसून म्हणायच्या, मी टाइप करायचे. चाल धरल्याशिवाय त्यांना शब्दच सुचत नसत. लग्नपत्रिका छापायला आलेली गिऱ्हाइकंही आपलं काम विसरून ऐकत उभी राहायची.

सगळी गाणी टाइप होऊन पडद्यावरच तपासणं चाललं होतं, तेव्हा कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. कधी चालायची, कधी नाही. फ्लॉपीवर घेतलेली गाणी उघडेनात. दुकानाच्या मालकांनी, भाऊंनी, नवी डिस्क मागवली. याआधी आणलेली नवी डिस्क आठवड्यातच बंद पडली होती आणि तिच्यावरचं कामही गेलं होतं. म्हणून भाऊ म्हणाले, "आधी नवी नीट तपासू. मगच जुनीतलं तिच्यात घेऊ. तोवर जुनीला हात नको."

बोलणं पटण्यासारखंच होतं. जुनी काढून ठेवली, नवी जोडली. फॉरमॅट करून तपासणीचा प्रोग्रॅम लावला. दुपारभर पडद्यावर चौकोन भरत राहिले. एकही खराब निघाला नाही. भाऊंनी खुशीत चहा सांगितला.

मग जुनी जोडली. ती फिरलीच नाही. वायर बदलली, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, हातात धरून हलकेच हलवली. आता कटकटसुद्धा नाही.

नाना अक्कांना घेऊन आले तेव्हा भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं. अक्कांनी विचारलं, "बठ्ठं गयं का, पोरी?"

"हो, अक्का, सगळं."

"जाऊ दे. मी परत सांगसू."

त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. पण गाणी पहिल्यांदा सांगून झाल्यावर मधल्या काळात त्यांचं मोठं आजारपण झालं होतं. चाल यायची, ओळ यायची नाही. मधेच थांबून म्हणायच्या, "आठे काहीतरी व्हतं." मी त्या जागी बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघायचे. इतक्यांदा ऐकून मलाच ती गाणी पाठ व्हायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष काना-मात्रांकडे असायचं.

पुस्तक निघालं, ठरलं होतं त्याच्या निम्मंच.

अक्का गेल्यावर नाना एकदा येऊन म्हणाले, "तुला राहिलेल्या गाण्यांतली एखादी ओळ आठवते का गं?"

मी डोळे मिटून आठवू लागले. एक ओळ आठवली, ती म्हणून दाखवली. नानांनी पुस्तक चाळलं. ती त्यात होतीच.