मागूरचे खोटे नर

मासळीचं बियाणं विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. नर म्हणून त्याने मला जे मागूर विकले, ते नर नव्हते.

मी नागभीडच्या बाजारात मासळीच्या टोपलीमागे बसून मोठी झाले. पुढे धानाच्या बांध्यांमधली एक बोडी, म्हणजे छोटं तळं, भाड्याने घेतली आणि गावठी मागूरची पिल्लं काढू लागले. पूर्वी नाल्यात सहज सापडणारा हा मासा आता दिसत नाही. माझ्याकडे जपलेल्या माद्या होत्या, नर संपले होते. मादीचं पोट दाबून अंडी काढता येतात; नराला मात्र चिरावं लागतं. आतले वृषण काढून, कुस्करून अंड्यांवर पिळायचे. दर पावसाळ्यात नर असे कामी येतात.

म्हणून त्याच्याकडे गेले. एकेक मासा उलटा करून पाहिला. नराला पोटाखाली, शेपटीच्या बाजूला, लांबट टोक असतं. सगळ्यांना होतं, चांगलं लालसर. खोड काढायला जागाच नव्हती, तरी भाव पाडायला मी काढली.

"हा लंगडा दिसून राह्यला."

"मासा आहे बाई तो, लंगडा कसा होईन?"

दोघंही हसलो. भाव पडला. मी जिंकल्यासारखी घरी आले.

पाऊस लागल्यावर माद्यांना अंडी सुटायची सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी अंडी परातीत काढली. अंडी फार वेळ थांबत नाहीत. पहिला नर चिरला. आत वृषणाच्या जागी दोऱ्यासारखं काहीतरी होतं. पिळलं तर पांढरा थेंबही नाही. दुसरा चिरला, तिसरा चिरला, सगळे चिरले. संध्याकाळपर्यंत परातीतली अंडी पांढरी पडली. पोट दाबलेल्या माद्यांपैकी बऱ्याच मेल्या.

मी त्याच्या दारात जाऊन ओरडले. त्याने आवाजही चढवला नाही.

"लहानपणीच खाद्यातून दवा देतो मी, हार्मोनची. मासा लवकर फुगते. बाहेरून सगळे नरच दिसतेत."

"अन् आतून?"

"बाई, तुमी नर मांगतले, मी नर देल्ले. बाप थोडी मांगतले होते?"

त्याच्या ओट्यावर बसलेले लोक हसले. मी त्याला नको ते बोलले.

"सुई तं तुमीबी टोचता," तो म्हणाला. "मंग माह्याच दव्याले काऊन नावं ठेवता?"

"माही सुई पोटात हाये ते बाहेर काढते. तुह्या दव्यानं आत काही राह्यलंच नाई!"

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते गिऱ्हाईकही मासे उलटे करूनच पाहत होतं.

त्यानंतर मी गडचिरोलीपर्यंत फिरले. जिथे मागूर आहे, तिथे त्याच्याकडचाच आहे. गावठी नर कुठेच मिळाला नाही. मिळेल असं आता वाटतही नाही. वाचलेल्या माद्यांची पोटं या पावसाळ्यातही भरली आणि अंडी आतच जिरून गेली.

त्याच्याकडून मला पैसे परत नकोत. त्याने माझ्या बोडीच्या पाळीवर यावं, पाण्यात हात घालून एक मादी उचलावी आणि चारचौघांत सांगावं: हिच्यासाठी नर आता कुठून आणायचा?