कर्नाळ्याचा रफार

आमच्या पनवेलच्या वाचनालयातले कॉम्प्युटर एक बाई सांभाळायच्या. कुणी स्क्रीनची तक्रार केली की त्या आधी त्यालाच खुर्चीत बसवायच्या आणि 'कर्नाळा' हे जवळच्या किल्ल्याचं नाव टाइप करायच्या. "रफार दिसतो का?" एवढंच विचारायच्या. स्वतः त्या गावच्या बोलीत 'कर्नाला' म्हणत, पण स्क्रीनवर 'कनाळा' दिसलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

कॉम्प्युटर सगळे लिनक्सवाले. त्यात स्क्रीनचं माप, म्हणजे रिझोल्यूशन, ठरवायची सोय असते आणि यंत्र आपणहून एक माप सुचवतं. बाई त्या सूचनेकडे ढुंकूनही बघत नसत. "यंत्राला कुठं वाचायचं हाय?" म्हणायच्या.

नव्या प्रोजेक्टरच्या उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांनी नारळ हातात घेतला आणि बाईंनी भिंतीवर 'कर्नाळा' उमटवला. मी शेवटच्या रांगेत होतो. अक्षरं फिसकटली होती, रफार वरच्या रेघेत गडप झाला होता.

"चालेल हो, कळतंय की," पाहुणे म्हणाले.

"कलतंय साहेब, पन दिसत नाय," म्हणत बाई त्यांच्याकडे पाठ करून कीबोर्डपाशी बसल्या आणि एकेक माप लावून बघू लागल्या. भिंत काळी झाली, उजळली, पुन्हा काळी झाली. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. पाहुणे नारळ धरून ताटकळले. बाईंनी मान वर केली नाही.

आणि मग भिंतीवर रफार आला, चांगला ठसठशीत.

"दिसला!" मी मागून ओरडलो. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

नारळ त्यानंतर फुटला.