सावलीतल्या बियाण्याच्या सहा ओळी

...तर काल गोष्ट सांगता सांगता मी हरभऱ्याच्या बियाण्यापाशी थांबलो, आणि थांबलो ते मुद्दामच. पुढं माझी फजिती आहे. पण गोजरबाईची गोष्ट सांगायची म्हटल्यावर ती टाळून भागत नाही.

गोजरबाई आमच्या गावात, अजिंठ्याच्या अलीकडं, बियाण्याला जिवाणू लावून देते. शहरात तीन दिवस शिकून आली, तेव्हापासून पेरणीच्या दिवसांत तिला उसंत नाही. काळी भुकटी, गुळाचं गार पाणी आणि एक घमेलं, एवढाच तिचा पसारा. बी असं हलक्या हातानं घोळते की एक सालपट सुटत नाही. हे जिवाणू मुळांवर गाठी धरतात, हवेतलं नत्र झाडाला पुरवतात. सोबत मॉलिब्डेनमच्या क्षाराची चिमूट. ती नसली तर गाठी घरजावयासारख्या नुसत्या बसून राहतात. हा दाखला तिचाच हो, माझा जावई लई कामाचा आहे!

दोन वर्षांमागं माझं चाळीस किलो बी तिनं माझ्या वावरात येऊन घोळून दिलं. म्हणाली, "मामा, सावलीत सुकवा. उन्हात घातलं तर जिवाणू मरतील."

"व्हय, व्हय," म्हणालो आणि घरी येऊन भर दुपारी अंगणात ताडपत्री अंथरली. जन्मभर बी उन्हातच वाळवलेलं. माझ्याकडं रोजानं खुरपायला येणाऱ्या बाईनं मला शेती शिकवावी? खरं सांगतो, हेच मनात होतं. ताडपत्री पुरेना, म्हणून आमच्या कारभारणीनं, मनकर्णाबाईनं, उरलेलं सुपभर बी पडवीत पसरलं. ते शेवटी बांधालगतच्या सहा ओळींत पेरलं.

महिन्याभरात हरभरा पिवळा पडला. मी चहाच्या टपरीवर बसून रंगवून सांगितलं, "गोजरबाई बियाण्याला चुलीतली राख लावती!" लोक पोट धरून हसले. हसले म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, वर थोडा मसाला घालून. आठ दिवसांत तिच्या दारी येणारं उशिराच्या हरभऱ्याचं बी बंद झालं. घमेलं पालथं पडलं.

ती भांडायला आली नाही. खुरपं घेऊन सरळ माझ्या वावरात आली. पिवळ्या रानातून चालत बांधाशी थबकली. तिथल्या सहा ओळी हिरव्यागार. तिनं इकडचं एक, तिकडचं एक झाड मुळासकट काढलं. पिवळ्याची मुळी मोकळी, हिरव्याची गाठींनी लगडलेली. एक गाठ नखानं फोडली, आतून तांबूस, म्हणजे जिवाणू जिवंत.

"मामा, ह्या ओळींचं बी कुठं सुकवलं होतं?"

"तिथंच की, सगळ्यासंगं," मी म्हणालो.

मनकर्णाबाई शेजारीच उभी होती. पदर सावरला आणि एकटी घराकडं निघाली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला मागं टाकून ती कधी चालली नव्हती. गोजरबाईनं दोन्ही झाडं बांधावर ठेवली आणि तीही गेली.

दोन दिवस मी टपरीकडं फिरकलो नाही. घरातला चहासुद्धा गोड लागेना. तिसऱ्या सकाळी ती सुकलेली झाडं घेऊन गोजरबाईच्या दारात उभा राहिलो. एवढ्या वर्षांत त्या दारात पहिल्यांदाच, तेही आत्ता कबूल करतो.

म्हणालो, "गोजरबाई, बी मीच उन्हात घातलं. वावरात तुझ्याशी खोटं बोललो."

रडेल नाहीतर शिव्या देईल, दोन्हीची तयारी ठेवूनच गेलो होतो. ती भांडी घासत होती. हातसुद्धा थांबवला नाही.

"मामा, मला काय सांगता, मला तर वावरातच कळलं होतं. राखेची गोष्ट जिथं रंगवली, तिथंच जाऊन ही पण रंगवा. आन् मोकळ्या हातानं जाऊ नका, ही दोन्ही झाडं घेऊन जा. तुमाला हसतील लोक, मुळीला कोणी हसणार नाय."